बरणीतला कागद

ता. ९, बुधवार
सकाळचे साडेनऊ

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे ते दिवसातून दहादा गच्चीवर जात असणार, हे मला इथे बसूनही दिसतं. मी बरी आहे. खिडकीतली रोपं मी पाणी घालून घालून मारली. तीन गेली, चौथं हट्टी आहे, ते अजून टिकून आहे.

पत्र बघून तुला वाटेल, हिला फोन करायला काय झालं होतं? फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू "जाऊ दे गं" म्हणतेस, आणि मी खरंच जाऊ देते. गेले एकोणीस दिवस मी तेच करते आहे.

चिंगीचे डोळे निवळले, दिव्याभोवती दिसणारी रंगीत वर्तुळं गेली, हे तू परवा सांगितलंस. फोन ठेवून मी खूप वेळ रडले. मावशीचा जीव आहे, रडणारच, असं तू म्हणशील. जीव आहेच. पण त्या रडण्यात दुसरंही काही होतं.

त्याच फोनवर तू म्हणालीस, "पोरीने तुझं नाक कापलं गं. तू हाताला धरून तिला तुझ्या प्रयोगशाळेत नेलंस, आणि हिने एक साधा कागद बघू नये?" मी म्हटलं, "लहान आहे अजून." सत्तावीस वर्षांची घोडी, लहान कसली! पण तोंडाला जे येत होतं ते बाहेर पडेना, म्हणून काहीतरी बोलले.

तो कागद म्हणजे काय, हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल. मी सांगते.

आमच्याकडे ऑस्मियम नावाच्या धातूचं एक संयुग असतं. पेशींचे बारीक फोटो काढायचे तर त्या आधी त्यात बुडवाव्या लागतात. फिकट पिवळे खडे, दिसायला अगदी गरीब. पण झाकण जरा सैल असलं तरी त्यांची वाफ बाहेर येते आणि डोळे भाजते. तेही लगेच कळत नाही, चार-सहा तासांनी कळतं. म्हणून बाटली एका पारदर्शक बरणीत ठेवतात, बरणी फ्रिजमध्ये, आणि बरणीत मक्याच्या तेलात भिजवलेला फिल्टर पेपर. बाटली गळत असेल तर तो कागद काळा पडतो. बरणी न उघडता बाहेरूनच दिसतो. काळा दिसला की हात लावायचा नाही, मला बोलवायचं, खोली बंद करायची.

छापील नियमात लिहिलं आहे की कागद कसाही असो, बरणीसुद्धा हूडमध्येच उघडायची. हूड म्हणजे हवा ओढून घेणारं काचेचं कपाट. पण त्यात कोपर हलवायला जागा नाही, बरणीचं झाकण घट्ट, एकदा एकाच्या हातून बरणी निसटलीसुद्धा. तेव्हा मीच एक सोय काढली. कागद पांढरा असेल तर बरणी फ्रिजजवळच्या टेबलावर उघडा आणि बाटली तेवढी हूडमध्ये न्या. अकरा वर्षं प्रत्येक नव्या मुलाला मी हेच शिकवलं. चिंगीलाही मीच शिकवलं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "पण मावशी, नियमात तर वेगळं लिहिलंय." मी म्हटलं, "नियम लिहिणारा कधी त्या कपाटात हात घालून बघत नाही."

त्या दिवशी वरच्या कार्यालयातले लोक तपासणीला यायचे होते. आमच्या दारावर पाटी आहे, अपघाताविना किती दिवस गेले त्याची. मी रोज सकाळी आकडा बदलते. चार हजारांच्या वर गेला होता. मला इथे पाठीमागे फौजदारीण म्हणतात, मला माहीत आहे, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं. त्या पाटीसाठीच ते लोक येणार होते, फोटो काढणार होते.

सकाळी नऊ वाजता मी फ्रिज उघडला. कागद काळा होता, ताई.

मी काय करायला हवं होतं ते मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. खोली बंद करायची, तपासणीच्या लोकांना दारातच सांगायचं. मी काय केलं? बरणी हूडमध्ये नेली, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात दोन-दोन हातमोजे, सगळं शिस्तीत. झाकण उघडून काळा कागद काढला, नवा पांढरा घातला, आणि बरणी परत फ्रिजमध्ये ठेवली. मनात म्हटलं, मंडळी जेवायच्या वेळी जातील, मग बघू. तीन तासांचा तर प्रश्न आहे. स्वतःचे डोळे मात्र मी नीट झाकले होते. हे मला रोज आठवतं.

मी दारात पाहुण्यांना पाटी दाखवत होते, तेवढ्यात आमचे साहेब आत चिंगीला म्हणाले, यांना एक नमुना तयार करून दाखव. तिने बरणी काढली. तिने कागद पाहिला, मी नुकताच घातलेला. पांढरा होता. मी शिकवलं तसं तिने टेबलावर झाकण उघडलं, आणि आतली बाटली तर कडेने चिरलेली होती. मी आत आले तेव्हा ती बाटली हूडमध्ये नेत होती. मी काही बोलले नाही. पाहुणे बघत होते. संध्याकाळी तिला दिव्यांभोवती वर्तुळं दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बरणी पाहिली, तोवर नवा कागदही काळा झाला होता. चिंगी म्हणाली, मी बघितला तेव्हा पांढरा होता. कोण विश्वास ठेवणार? साहेबांनी मला विचारलं, "बरणी टेबलावर उघडायची असा नियम आहे का?" मी म्हटलं, "नाही." शब्दाला शब्द खरं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती अशी दिली जाते. चोराला खोटं बोलावंसुद्धा लागत नाही.

अजून एक राहिलं आहे. ते सगळ्यात वाईट. इतका वेळ कागद आणि बरण्या सांगत बसले ती त्याच्या भोवतीच फिरत होते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तिच्या डोळ्यांवर पट्टी होती. तू चहा आणायला खाली गेली होतीस. तिने माझा हात चाचपडत धरला आणि म्हणाली, "मावशी, मला अगदी आठवतंय, पांढरा होता. का मी बघितलाच नाही आणि आता मला तसं वाटतंय?" खोलीत आम्ही दोघीच होतो. कुणी साहेब नाही, पाहुणा नाही, पाटी नाही. आणि मी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "घाईत होतं गं असं कधीकधी."

तिने मान हलवली. तिला ते पटलं. मी सांगितलं म्हणून पटलं.

आज तीन वाजता समिती बसणार आहे. तिचं नाव संशोधनातून काढायचं की नाही, हे ठरवणार. तीन वर्षांचं काम आहे तिचं. काल तिचं पत्र माझ्या टेबलावर आलं, समितीकडे पाठवण्यासाठी. "मी कागद न पाहताच बरणी उघडली असावी. माझा निष्काळजीपणा मला मान्य आहे. मावशींनी शिकवण्यात काहीही कमी केलं नव्हतं." हे तू तिच्याकडून लिहून घेतलंस, हो ना? माझी अब्रू राखायला. तुझा राग नाही मला, तुला काय माहीत! पण ते वाचून मला आरशात बघवलं नाही. मुलीने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला, आणि तो मी सोडायला लावला.

समितीसाठी सगळं लिहून ठेवलं आहे, कागद कधी बदलला ते वेळेसकट. टेबलावर बरणी उघडायची सोय माझी होती, हेही. आधी हे पत्र टपालात टाकणार आहे, मग वर समितीपुढे जाणार. उलट केलं तर जिन्यात माझे पाय फिरतील, मी स्वतःला चांगली ओळखते. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर मात्र मला सोसणार नाही, तरी टाकायचं असेल तर टाक, मी दार वाजवायला येणार नाही. आणि चिंगीला हे पत्र वाचून दाखवताना कुठलंही वाक्य गाळू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

तिचं माफीचं पत्र मी समितीला दिलेलं नाही. ते याच पाकिटात परत पाठवते आहे. तिच्या हातात दे, आणि सांग की हे तिने लिहायचं नव्हतं. तिने नीट बघितलं होतं.

तुझी धाकटी,
आज तीन वाजेपर्यंत प्रयोगशाळेची सुरक्षाप्रमुख