निवाऱ्यातल्या गाद्या

३ मार्च
आले एकदाची! नर्सची पहिली नोकरी, आणि पहिला दिवस झकास गेला. देश सोडून पळून आलेल्या माणसांची इथे आल्याआल्या तपासणी होते: वजन, रक्त, लस, उवा, कातडी. इमारत म्हणजे जुनं गोदाम, पण चुन्यानं लख्ख पांढरं केलेलं. मोठे डॉक्टर गोड बोलतात. दुभाषी बाई माझ्याच वयाच्या असतील, पण सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही. आज बेचाळीस जण तपासले. थकलेले, चालून चालून टाचा फुटलेल्या, पण कातडी सगळ्यांची स्वच्छ. मी स्वतःच्या हातानं तसं लिहिलं. सातव्या महिन्यातली एक बाई बाळाचे ठोके ऐकून इतकी हसली, की मलाच भरून आलं.

५ मार्च
सकाळी निवाऱ्याच्या दालनात गेले, तर सगळे उघड्या फरशीवर आणि नव्याकोऱ्या गाद्या भिंतीला टेकून उभ्या! डोकंच फिरलं माझं. एवढं फुकट मिळतंय आणि वर ही नाटकं. ताईंना विचारायला लावलं. एका आजीबाईंचं म्हणणं त्यांनी चाचरत सांगितलं, की गाद्या माणसाच्या पोटासारख्या कोमट लागतात. मी हसले. दिवस गेलेल्या बाईला थंड फरशी बरी नव्हे, म्हणून तिची गादी मीच अंथरली आणि तिला हाताला धरून आडवं केलं. ती कुरकुरली नाही. तिचं पाहून बाकीच्यांनीही ऐकलं.

७ मार्च
नऊ जणांच्या पाठीवर फोड आलेत. मसुरीएवढे, मधोमध भोक. दाबलं की पिवळट साय येते, नासलेल्या दुधाच्या वासाची. त्या दिवस गेलेल्या बाईच्या फोडातून चिमट्यानं एक पांढरा दोरा ओढला. वीतभर आला, हातभर आला, संपेचना. मग चिमट्याला हिसका बसला आणि तो सुर्रकन परत आत गेला. मी मोरीत जाऊन भडाभडा ओकले.
मोठे डॉक्टर बघायलाही आले नाहीत. असले रोग ही माणसं येतानाच घेऊन येतात, तसं लिहा म्हणाले. मी तीन तारखेचे कागद पुढे केले. त्यांनी चष्मा पुसला. "मग ते बदला," एवढंच म्हणाले.

८ मार्च
कागद बदलले नाहीत. दुपारी ताईंना सोबत घेऊन एक गादी कात्रीनं उसवली. आत कापूस नाही. ओलं, गुलाबी, चघळून थुंकल्यासारखं काहीतरी. त्यात केसांचे पुंजके. आणि ते दोरे, हजारो, सगळे हळूहळू माझ्या हाताकडे वळले. कात्री लागली तिथून रक्त आलं. ताई ओरडत बाहेर पळाल्या.
चारदा साबण लावला. बोटांचा वास जात नाही.
आणि तिला त्याच्यावर झोपवलं मी. मीच.

९ मार्च, सकाळ
ताईंनी सगळ्यांना खरं ते सांगितलं. तासाभरात गाद्या अंगणात. मोठे डॉक्टर आडवे आले, पण आजीबाईंनीच त्यांना बाजूला सारलं. रॉकेल ओतलं, काडी लावली. गाद्या किंचाळल्या. हो, किंचाळल्या. चरबी जळल्यासारखा धूर.
पण ती बाई कुठे दिसत नाही. काल संध्याकाळी डॉक्टरांनी तिला मागच्या खोलीत वेगळं ठेवलंय म्हणे. गादीसकट.

९ मार्च, नंतर
बाहेरून कडी होती. आत ती, पाठ गादीला शिवल्यासारखी. कात्री सापडेना. दोरे हातानं तोडले, दातानं तोडले. तोंडात ती चव—
सुटली. पाठ सोललीय, पण बाळ हलतंय, मी पोटाला हात लावून पाहिलं. माझा दुसरा हात मात्र गादीत अडकलाय, निघत नाही. उजवा.
वही एप्रनच्या खिशात होती. डाव्यानं लिहितेय. कुणाला तरी कळायला हवं.

दुखत नाही. चोखल्यासारखं वाटतं. शी. शी.

तिला दार दाखवलं. गेली. बरं झालं.

कोपर गेलं—

परत आलीय ती! माझी कंबर धरून ओढतेय. दोरे तिच्याकडे वळतायत— जा म्हणते, अगं जा, बाळ— तिला माझी भाषा कळत ना