टाकून दिलेल्या ओळी

३ मे
नोकरी पक्की झाली. पाटोद्यातल्या केबल चॅनेलचे मालक पंडितभाऊ यांनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं आणि दुपारी मी गेवराईहून बॅगेसकट हजर. काम माझ्या आवडीचं. लग्नाचं शूटिंग केबलवर दाखवण्याजोगं करायचं आणि घरच्या टीव्हीसाठी पेनड्राइव्हवर द्यायचं. इथले कॅमेरे जुने. त्यांत प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं, पडद्यावरच्या आडव्या ओळींपैकी आधी विषम, मग सम. दोन्ही नीट विणले तर नाचणारी वरातही स्वच्छ दिसते. इथं मात्र सम ओळी सरसकट टाकून देतात आणि विषम ताणून चित्र भरतात. मी नाक मुरडलं. पंडितभाऊ म्हणाले, नवरी वळखू आली म्हंजी झालं, तुमी कावून जीव काढता? ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच्या केसरबाईंनी मला खोली दिली, सोबत टोमणाही. दुसऱ्यांची लग्नं बघू बघू सोताचं इसरू नको, माय.

६ मे
बंकटराव येऊन गेले. त्यांच्या मुलाचं, प्रविणचं, तेरा तारखेला दुसरं लग्न. हळदीच्या संध्याकाळी घरातल्या वारलेल्या वडीलधाऱ्याचा आशीर्वाद केबलवर दाखवायचा, ही पंडितभाऊंनी पाडलेली रीत. प्रविणचे आजोबा त्याच्या पहिल्या लग्नात अक्षता टाकताना छान सापडलेत. पण शेजारी पहिली सून, वर्षाराणी. ती दोन वर्षांपूर्वी विहिरीत पाय घसरून गेली. बंकटराव म्हणाले, म्हाताऱ्याला ठिवा, तिला काढा. नव्या सुनंला, करिष्माला, अपशकुन नको.
तासाभरात काढली.

७ मे
तिला कापलं त्या जागी रेषा थरथरतात, कंगव्याच्या दातांसारख्या. हलतं माणूस नीट विणलं गेलं नाही की असं दिसतं. पण तिथं आता माणूसच नाही. म्हणून कापलेल्या फाईलच्या सम ओळी वेगळ्या काढल्या.
वर्षाराणी उभी होती. शालू ओलाचिंब. मांडवातल्या बाकी सगळ्यांवर कोरडं ऊन.

८ मे
पुन्हा कापलं. सम ओळींत ती पुन्हा, एक पाऊल पुढं. गळ्यावर बोटांचे वळ. हात उचललेला, बोट प्रविणकडे.
पंडितभाऊंना बोलावलं. ते दारातच थांबले, पडद्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, त्या ओळी बघायच्या न्हाईत, म्हनून तर टाकतो.
म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

९ मे
बंकटराव परत आले. पुसलं का, म्हणून विचारलं. मग हसत म्हणाले, एकट्याच राहता न्हवं? हिरीकडच्या वाटंनं जाऊ नका, लई शेवाळ हाय.
फाईल पुसणार नाही.

११ मे
करिष्माच्या आईला, रुक्मिणीबाईला, बोलावून घेतलं. तिला फक्त सम ओळी दाखवल्या. ती रडली नाही. म्हणाली, घरात लग्न मोडलं तर भाऊबंद रातीत पुन्हा जोडतील. उद्या पाचला हळदीच्या मांडवात पडद्यावर दिसू दे. समद्यांदेखत लेकीचा हात धरून उठते.

१२ मे, साडेचार
ह्या वेळी विषम ओळी टाकून दिल्या. सम ताणून पूर्ण चित्र केलं. एडिटिंगच्या खोलीला आतून कडी.

पावणेपाच
बाहेर प्रविण. कुणीतरी सांगितलं असणार. आधी ताई म्हणाला. मग शिव्या. आता पहार —

भीती वाटते. वाटू दे. इथून उठणार नाही.

पाचला पाच कमी
पडद्यावर ती पाठमोरी झाली — पहिल्यांदाच —
खुर्चीमागं पाणी ठिबकतंय. ओली पावलं माझ्या बाजूनं दाराकडे गेली. ती पडद्यावर आहे. खोलीतही. माझ्या आणि दाराच्या मधे —

बाई, उभी राहा. मीही बसलेय.

कडी निखळली. त्याचा हात आत — तिनं धरला — तो ओरडतोय, सोड म्हणतोय, तिचं नाव घेऊन —

बोट प्रक्षेपणाच्या बटणावर. पाचला एक मिनिट. आता मांडवात ती सगळ्यांना दिसेल, रुक्मिणीबाई उठेल, आणि करिष्मा —