तक्रारवहीतला बुधा

३ जून, मंगळवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. आजपासून रोज तुंगार्ली धरणापर्यंत चालणे. आजपासून रिसॉर्टमध्ये एआय.
बेचाळीस खोल्यांच्या या रिसॉर्टचा मी नऊ वर्षं मॅनेजर आहे. यापेक्षा मोठ्या गोष्टींसाठी माझा जन्म आहे, हे तीन रविवारच्या ऑनलाइन कोर्समध्ये लक्षात आलं. सर्टिफिकेट लॅमिनेट केलं. मालकीणबाई सुनेत्राताईंना काल प्रोजेक्ट सांगितला. त्यांनी विचारलं, यानं नेमकं काय सुधारेल? मी म्हणालो, सगळंच. त्या म्हणाल्या, एकच गोष्ट सांगा. दृष्टी लहान आहे बाईंची. पण सहा आठवडे दिले.

४ जून
चालायला गेलो नाही. ढग होते.

९ जून, सोमवार
एआयला द्यायचा डेटा म्हणजे रिसेप्शनवरच्या सात वर्षांच्या तक्रारवह्या. रिसेप्शनिस्ट चैताली त्या एक्सेलमध्ये भरते आहे. आज शंका घेऊन आली. प्रत्येक तक्रारीपुढे एक नाव असतं, ते काम ज्यानं केलं त्याचं. चूक कुणाची हे वहीत कुठंच नाही. मग त्या कॉलमला नाव काय देऊ? मी अर्ध्या मिनिटात सांगितलं, ‘जबाबदार’. ती काहीतरी बोलणार होती. मी म्हणालो, डेटा कसाही असो, अर्थ लावणं एआयचं काम आहे.
चैतालीचा अ‍ॅटिट्यूड निगेटिव्ह. लक्ष ठेवणे.

२१ जून, शनिवार
रिझल्ट आला. हादरलो.
एकोणीसशे तक्रारी. त्यातल्या तेराशे बारा एकाच माणसामुळे! आमचा मेंटेनन्सचा बुधा. नळ, गिझर, पंप, सगळीकडे बुधा. एकोणीस वर्षं मान खाली घालून वावरला आणि आतून हे चाललं होतं. दुसरा नंबर त्याच्या बायकोचा, नाव बाया, हाउसकीपिंगला असते. नवराबायको मिळून!
मेंटेनन्सचाच दुसरा माणूस हौशीराम मात्र शून्य. एकही तक्रार नाही. स्टार परफॉर्मर. तो बहुतेक वेळ जनरेटरच्या खोलीत असतो, तिथं नक्की काय करतो ते विचारून इतरांना शिकवायला हवं. हे ऐकून चैतालीला ठसका लागला.

२३ जून, सोमवार
बुधाला केबिनमध्ये बोलावून स्क्रीन दाखवला. लाल रंगात त्याचं नाव, सगळ्यात वर. त्याला वाचता येत नाही म्हणून मीच वाचून दाखवलं. त्यानं लाल ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “साहेब, नळ मोडला की माझं नाव लिवत्यात. मी दुरुस्त केला म्हणून लिवत्यात. मोडला म्हणून न्हाई.”
प्रत्येक गुन्हेगाराकडे स्पष्टीकरण असतं. मी सांगितलं, मशीन भावनेवर चालत नाही.
एकालाच काढलं तर अन्याय वाटला असता, म्हणून बायालाही काढलं. रिसॉर्टमागची त्यांची राहायची खोली आठवड्यात रिकामी करायला सांगितली. त्यानं विचारलं, बबिताची बारावी होईपर्यंत राहू का? मुलगी इथूनच कॉलेजला जाते. एकाला सवलत दिली की सिस्टिम कोलमडते. नाही म्हणालो. शांतपणे, हात न उचलता. कोर्समध्ये याला एम्पथी म्हणतात.

२८ जून, शनिवार
हाउसफुल. दुपारपासून वरच्या मजल्यावर पाणी नाही. हौशीरामला पाठवलं. त्याला टाकीचा कॉक कुठं आहे तेच माहीत नाही. बुधानं आधीच मुद्दाम लपवलेला दिसतो.
चैताली म्हणाली, बुधाभाऊंनी फोन करून सगळे कॉक सांगितलेत, मी लिहून घेतलंय. कागद पुढे केला. पाठकोरा, वहीचा. मी म्हणालो, हा अनस्ट्रक्चर्ड डेटा आहे. परत दिला.

५ जुलै
महत्त्वाचं: या आठवड्यात तक्रारी शून्य! ग्राफ सरळ खाली. निर्मलाला दाखवला. बायको असूनही तिला आनंद नाही. शाळामास्तरीण ती, तिनं विचारलं, तक्रार ऐकायला कुणी उरलंय का? पाहुणे वहीत न लिहिता सामान गाडीत टाकून निघून जातात, हे खरं. पण ते या मॉडेलमध्ये येत नाही.

१२ जुलै, शनिवार
प्रेझेंटेशन. सव्वीस स्लाइड. चौथ्या स्लाइडला सुनेत्राताईंनी थांबवलं. “या महिन्यात किती पाहुणे अर्ध्यात उठून गेले?”
मी म्हणालो, हा प्रश्न फेज टूमध्ये येतो.
त्यांनी चैतालीला विचारलं. तिनं आकडा सांगितला, एकतीस. मग तक्रारवही उघडून मोठ्यानं वाचलं. खोली सात, पाणी नाही, सव्वानऊ, बुधा, झालं. खोली बारा, गिझर, बुधा, झालं. पानच्या पान. प्रत्येक ओळीला ‘झालं’. हा शब्द एक्सेलमध्ये घेतला नव्हता. त्यानं उगाच एक कॉलम वाढला असता.
ताई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “यशोधन, तुम्ही स्वतः जाऊन त्याला घेऊन या.”

१४ जुलै, सोमवार
बुधाच्या वाडीवर गेलो. गाडी खालीच ठेवावी लागली. चिखलात एक बूट गेला. बायानं पाय धुवायला पाणी दिलं आणि कोरा चहा. बुधा सुदुंबऱ्याहून सुट्टीवर आलेला, तिथं एका कारखान्यात पंपावर लागलाय. तिथल्या साहेबानं बंद मोटर पुढ्यात ठेवली, यानं चालू करून दिली, बस.
मी मोठ्या मनानं म्हणालो, झालं गेलं विसरू, परत ये. तो नको म्हणाला. रागानं नाही. कॉक कुठले ते पुन्हा सांगू का, असं त्यानंच विचारलं.
बबिता दिसली नाही. विचारलं. “तीबी ह्यांच्यासंगं तिथंच लागली, पॅकिंगला,” बाया म्हणाली. “कॉलेज सुटलं. हितनं रोज जाया जमंना.”
मी चहा संपवला. मग मोबाइलमध्ये नोंद केली: प्रोजेक्टमुळे स्थानिक युवतीला रोजगार.
घरी आल्यावर निर्मलानं ती नोंद वाचली. ही युवती कोण, ते विचारलं. पर्स घेऊन बबिताच्या कॉलेजात गेली, बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरता येतो का ते विचारायला.

२० जुलै, रविवार
चैताली मॅनेजर झाली. तिनं मला काढलं नाही, हे माझ्या अनुभवाला मिळालेलं रेकग्निशन. सध्या फील्ड रोल.
वरच्या मजल्याचे गिझर अजून बंद. खालून गरम पाण्याच्या बादल्या न्यायच्या. सकाळपासून सतरा झाल्या. जिन्याच्या वळणावर सांडतं, पायावर चटका बसतो.
अठरावी बादली खोली एकतीसमध्ये नेली. पुण्याचे आजोबा होते, बोलायला फार चांगले. माझी धाप बघून त्यांनी बादली धरायला हात लावला आणि विचारलं, नवीन लागलात का इथं?
मी हो म्हणालो.