सुपारीचे पट्टे

८ मार्च १९९६, शुक्रवार. मिलला निघण्याआधी.
सुपारीच्या मानेमागे टक्कल पडले आहे. गोल, शर्टाच्या बटणाएवढे. कडेला कोंडा. घाबरण्यासारखे काही नाही. उन्हाळा लागला की मलाही कमरेला असेच होते. उष्णता, दुसरे काय. आठ दिवसांत बरी करून दाखवतो. केसची नोंद पाहिजे म्हणून डायरी सुरू.

(नोंदीसाठी: सुपारी ही खार. मिलच्या निंबावरून पत्र्यावर पडली तेव्हा सुपारीएवढीच होती. कापसाच्या वातीने दूध मी पाजले. खायला माझ्या बायकोकडे, सुभद्राकडे जाते, पण झोपायला माझ्याच लुंगीच्या गाठीत. बायकोला हे लागत असणार.)

९ मार्च
खोबरेल आणि कापूर. सुपारीला दोनच थेंब लावायचे होते. वाटी उपडी झाली. तेल कुठे कुठे लागले: माझा शर्ट, रेशन कार्ड, भिंतीवरचे कॅलेंडर मेपर्यंत. सुपारीला लागले की नाही सांगता येत नाही, ती तेव्हा पंख्याच्या पात्यावर बसली होती. इलाज सुरू झाला हे महत्त्वाचे.

तिच्या खोक्यातला सुभद्राच्या साडीचा तुकडा काढून टाकला. पॉलिस्टर. त्याजागी माझा बनियन घातला, मुद्दाम न धुतलेला. माझ्या वासाशिवाय तिला झोप येत नाही.

११ मार्च, सोमवार. जेवणाच्या सुट्टीत.
कारण सापडले. शेजारच्या मालतीबाईंची अगरबत्ती. शेजारधर्म म्हणून तोंडावर बोललो नाही, खिडकीला पुठ्ठा ठोकला. खोलीत आता भट्टीसारखे उकडते. कमरेला खाज वाढली. सोसतो.

मिलमधल्या रंगाच्या गणपत मास्तरला केस समजावून सांगितली. तो म्हणाला, लोटू, आधी स्क्रीन धू. आठ वर्षे मी याच प्रिंटिंग खात्यात साडी छापायचे स्क्रीन धुतोय. रंगातले जेवढे त्याला कळते तेवढे मलाही कळते, फक्त पाण्याच्या बाजूने.

१४ मार्च
टक्कल पाठभर पसरले. पट्टे दिसेनासे झाले. रामाने पाठीवर बोटे फिरवली आणि तीन पट्टे उठले, तेच गेले. सुभद्रा म्हणते हिला पाच होते. आता खार झोपते माझ्या कमरेला आणि पट्टे माहीत हिला. तीनच होते.

यावर तिने विषय बदलला. म्हणे, पहिले तुम्हनी कंबर दखाडा. कमरेचा इथे काय संबंध? बनियन बदलला. आज अंगातून काढलेला, गरम असतानाच खोक्यात घातला.

१५ मार्च
मालतीबाई नळावर म्हणाल्या की लोटूभाऊंनी उंदीर पाळलाय.

शब्द वाईट. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीत आमची अख्खी चाळ ट्रंका घेऊन गावाला पळाली होती. मी अमळनेरला महिनाभर मेहुण्याच्या ओट्यावर काढला. तेव्हापासून आमच्या बमरोलीत उंदीर म्हटले तरी माणूस आधी नाकाला रुमाल लावतो. तासाभरात गुजराती मकानमालक ठाकोरभाई दारात. म्हणाले, आ तो उंदर छे. मी म्हटले, खिसकोली, म्हणजे खार. ते म्हणाले, खिसकोलीला पट्टा होय, हिला क्यां छे? मंगळवारी परत येणार. पट्टे दिसले तर ठीक, नाहीतर जनावर बाहेर किंवा आम्ही बाहेर.

मी त्यांच्यासमोर हसलो. आत येऊन दाराला कडी घातली. सुपारी कधी झाडावर राहिलेली नाही. बाहेर सोडली तर कोपऱ्यावरचे मांजर तिला तासभरही ठेवणार नाही.

१७ मार्च, रविवार
निंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली. चावली. उजव्या हाताचे बोट बांधले आहे, म्हणून अक्षर असे.

पण डोके मोकळे आहे. केस उगवायला वेळ लागतो, पट्ट्यांना कशाला लागेल? दिवसाला हजारो मीटर साडीवर वेल, बुट्टी, मोर छापणाऱ्या खात्यातला मी माणूस. वीतभर खारीवर तीन सरळ रेघा मला जड आहेत का? सुभद्राच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेचा स्टेन्सिल कापला. रंग उद्या मिलमधून पान-मसाल्याच्या डबीत भरून आणीन. एक शेड बघून ठेवला आहे, ओला असताना अगदी खारीसारखा तपकिरी. सुभद्राला योजना सांगितली. तिने एक्स-रेचा कापलेला गुडघा उजेडात धरून पाहिला आणि पीठ मळायला गेली. कौतुक पचायला वेळ लागतो.

१९ मार्च, मंगळवार. दुपारी.
सकाळी सातला छपाई झाली. सुभद्राने धरली, मी छापली. छाप्याचे रजिस्ट्रेशन एक नंबर, तिन्ही रेघा समांतर. मास्तरने बघायला पाहिजे होते.

साडेसातला सुकली. राणी कलर निघाला.

ओला रंग खोटा असतो, सुकल्यावर खरा दिसतो, हे मास्तर रोज बोंबलतो. खारीलाही ते लागू असेल असे वाटले नव्हते. पुसून काढणार तेवढ्यात ठाकोरभाई आले. पांढराशुभ्र लेंघा-झब्बा, कुठल्यातरी लग्नाला निघालेले. मी शांतपणे म्हणालो, होळीचा रंग आहे. होळी होऊन चौदा दिवस झाले, असे मालतीबाई मागून म्हणाल्या. त्यांना कोणी विचारले नव्हते.

एवढ्यात सुपारी उडी मारून ठाकोरभाईंच्या छातीवर गेली, तिथून खांद्यावर, तिथून पाठीवर. वाफ दिल्याशिवाय रंग पक्का होत नाही, आणि खारीला वाफ देता येत नाही. तो सगळा त्यांच्या झब्ब्यावर उतरला. झब्ब्याच्या पाठीवरच्या रेघा मात्र खरोखर सरळ आल्या होत्या. हे मी त्यांना सांगितले. सांगायला नको होते.

निकाल: रविवारपर्यंत डॉक्टरचा दाखला आणा की हा उंदीर नाही आणि रोग साथीचा नाही. नाहीतर खोली खाली.

२३ मार्च, शनिवार
खाडा करून ढोरांच्या दवाखान्यात गेलो. पुढे चार म्हशी आणि एक बोकड. सुपारीला कमरेला लुंगीत घेऊन बसलो, ती थरथरत होती.

डॉक्टरांनी तिचे केस चिमट्याने उपटून काचेखाली बघितले. विचारले, कुठे झोपते? मी अभिमानाने सांगितले. अंथरुणाला काय? बनियन, न धुतलेला, रोजचा ताजा. मग ते मला म्हणाले की शर्ट वर करा. मी म्हटले, पेशंट ही आहे. ते म्हणाले, करा.

म्हशीवाले चौघे बघत होते. डॉक्टर म्हणाले, नायटा. मी म्हणालो, उष्णता. ते म्हणाले, नायटा, चांगला जुना आहे. मी त्यांना अगरबत्तीबद्दल सांगितले, धुराची दिशासुद्धा हाताने दाखवली. त्यांनी ऐकून घेतले आणि लिहायला लागले. सुपारीला पिवळे औषध. मला माणसांच्या डॉक्टरकडे जा म्हणाले. बनियन उकळा. आणि दोघांनी एकमेकांना शिवायचे नाही.

दाखला मात्र मिळाला. गुजरातीत, शिक्क्यासकट. वाचला नाही, शिक्का ठसठशीत आहे.

२४ मार्च, रविवार
दाखला ठाकोरभाईंना सगळ्या चाळीसमोर दिला. मोठ्याने वाचा म्हणालो. त्यांनी वाचला. जनावर खार आहे. उंदीर नाही. साथीचा धोका नाही. इथपर्यंत मी मालतीबाईंकडे बघत होतो. पुढे लिहिले होते की जनावराला हा नायटा मालकापासून लागला आहे, तरी मालक पूर्ण बरा होईपर्यंत त्याला जनावरापासून वेगळे ठेवावे.

ठाकोरभाईंनी तिथेच फैसला दिला. खिसकोली भले रहे. लोटूभाई बाहेर गॅलरीत. बादली वेगळी, नळावर नंबर सगळ्यांच्या शेवटी. मालतीबाईंनी सुपारीसाठी मूठभर शेंगदाणे आणून दिले. जाताना गॅलरीतले पापड उचलून आत नेले.

सुभद्राने खोक्यातला बनियन काठीने उचलला आणि पुन्हा तिच्या साडीचा तुकडा अंथरला. पॉलिस्टर कुठले, सुती होता. आता बघितले.

२ एप्रिल
माणसांच्या डॉक्टरने दिलेले मलम पाच दिवस लावले, बरे वाटले म्हणून दोन दिवस सोडले. पुन्हा सुरू. मलमाचे सहा आठवडे परत पहिल्या दिवसापासून मोजायचे, असे सुभद्रा म्हणते. ती आतून बोलते, मी बाहेरून ऐकतो.

सुपारी खिडकीच्या गजाशी येऊन माझ्याकडे बघत बसते. हात पुढे जातो, मागे घेतो. मी तिला एवढा जीव लावला आणि दिले काय, तर नायटा. हे कुणाजवळ बोललेलो नाही, म्हणून इथे लिहिले.

२८ एप्रिल, रविवार. सकाळी.
माझे गॅलरीतले अजून पंधरा दिवस.

सुपारी ठणठणीत. पाठभर दाट केस आले. ती सुभद्राच्या ओच्यात झोपते, आणि सुभद्रा तिला उठवायला नको म्हणून एका जागी बसून भाजी निवडते. उन्हात पट्टे छान दिसत होते. गजातून मोजले.

पाच आहेत. परत मोजले. पाचच.

सुभद्राला अजून सांगितलेले नाही.