दुपारी दोनचं पाणी

नायगाव, मुंबई
१७ एप्रिल २०२५

चि. संघमित्रा हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

फोनवर तू तासभर बोलतेस आणि कामाचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

आमच्या बागेतल्या तलावात महिन्याभरात तीनदा मासे मेले. पाणी मीच तपासते, दोन वर्षं, दर बुधवारी. विरघळलेला प्राणवायू लिटरला आठ मिलिग्रॅमच्या खाली कधीच आला नाही. त्यावरून बाग कमिटीचे सेक्रेटरी बाप्टिस्ट म्हणतात की पाणी चांगलं आहे, तेव्हा दोष राखणदाराचा, म्हणजे अप्पांचा. शेवाळ मारायला अप्पांनी ब्लीचिंग पावडर टाकली असणार. अप्पा नाही म्हणतात. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात, असं ते मला सांगायला आले होते. मी म्हटलं, मला केमिस्ट्री शिकवू नका.

४ मेच्या सभेत त्यांना काढायचं घाटतं आहे. माझ्या आकड्यांवर माणसाची नोकरी जाणार, तर आकडे दुसऱ्या कुणी बघितलेले बरे. तू रोज पाणीच तपासतेस. वहीची झेरॉक्स जोडली आहे. चूक असल्यास कळव. नसणार.

दादाला गोळ्या वेळेवर दे. तो घेतल्या म्हणेल, तू डबी बघ.

तुझी, रागावणारी पण तुझीच,
मृणालिनीआत्या


नागपूर
२३ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

वही बघितली. इतकी नेटकी की आमच्या लॅबमधली रश्मी विचारत होती, या बाई अजून नोकरीला येतील का.

आकडे बरोबर आहेत. वेळ चुकली आहे. प्रत्येक नोंदीपुढे दुपारी दोन. असं का गं? हिरव्या पाण्यातलं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि अंधार पडला की स्वतःच तो खातं. उजाडेपर्यंत माशांना उरत नाही. तू दोन वर्षं तलावाला भरपेट जेवण झाल्यावर विचारते आहेस, भूक लागली का.

एकदा सूर्य उगवायच्या आधी बाटली भर. रागावू नकोस. रागावलीस तरी भर.

बाबांची डबी बघितली. तुझं खरं होतं.

बोलणी खायला तयार असलेली,
संघमित्रा


नायगाव, मुंबई
१५ मे २०२५

चि. संघमित्रा हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

दोनच का, तर कॉलेजात चौतीस वर्षं प्रॅक्टिकल दोनला लागायचं. जेवण झालं की हात बाटलीकडे जातो. दुसरं कारण नाही.

३० तारखेला पहाटे साडेपाचला गेले. रसायनं घातली की एरवी बाटलीत गडद तपकिरी साका बसतो. जितका गडद तितका प्राणवायू. या वेळी पांढराच राहिला, जेमतेम मळकट. आकडा दीड. त्याच दिवशी दुपारी दोनला नऊ.

सभा मी पहाटे तलावावरच घ्यायला लावली. बाप्टिस्ट कुरकुरले की रविवार आहे, चर्चमध्ये मासला जायचं आहे. मास सातला असतो, हे मला ठाऊक होतं. सगळ्यांसमोर बाटली भरली, पांढरा साका दाखवला. मग सांगितलं की दोन वर्षं मी चुकीच्या वेळी तपासलं, अप्पा खरं बोलत होते, आणि हे इतिवृत्तात माझ्या नावानिशी लिहा. बाप्टिस्ट म्हणाले, एवढं कशाला, तपासणीच्या वेळेत बदल असं लिहू. मी त्यांच्याकडून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं.

अप्पा कामावर आहेत. कारंजं संध्याकाळी बघ्यांसाठी चालायचं, ते आता पाण्यात हवा मिसळावी म्हणून पहाटे चालतं. त्यानंतर मासा मेलेला नाही. मी अप्पांची माफी मागितली, तर त्यांनी विचारलं, बाई, चहा साखरेचा की बिनसाखरेचा.

बुधवारची पहाटेची बाटली आता तेच भरतात. काल पहिल्यांदा भरली, आत एक बुडबुडा राहिला नाही. माझ्या बी.एस्सी.च्या पोरांना एवढं जमायला दिवाळी उजाडायची.

माया आहे ती राहू दे, आणि माझी चूक दिसेल तेव्हा अशीच कळवत जा.

तुझी,
मृणालिनीआत्या