तुझं पित्त

दादा,

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलेला पत्ता शोधत काल वाचनालयामागच्या खोलीपाशी पोचलो. दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते तिथे. दारातच तुझा आवाज ऐकला. "मी दारुडा आहे. चार वर्षं थेंबाला शिवलो नाही," असं तू सांगत होतास आणि लोक टाळ्या वाजवत होते.

चार वर्षं! आणि घरी काय सांगितलंस? पित्ताचा त्रास, म्हणून एकच ग्लास घेतो! त्या ग्लासात दारूऐवजी कोरा चहा ओतून माझ्यासमोर बसायचास. मी बरळायचो, तू मान डोलवायचास. मग मला खांद्यावर टाकून घरी आणायचास आणि आईकडून शाबासकी घ्यायचास. लोक पिणं लपवतात, तू न पिणं लपवलंस. हा पत्ता मला परक्या बाईने द्यावा? सख्खा भाऊ ना रे तू?

तसाच मागे फिरलो. इतका भडकलो होतो की गुत्त्यावरून गेलो आणि आत शिरायचंच विसरलो. आज रंधा मारताना हात थरथरत होता. रागाने की दारूवाचून, कळलं नाही.

हे पत्र टाकणार नाही. गुरुवारी पुढच्या बैठकीला पहिल्या रांगेत येऊन बसतो. माझ्या तोंडाकडे बघून सांग तुझं पित्त.

तुझा,
एक दिवस न प्यायलेला धाकटा