विकतची हरळी

१४ फेब्रु.
फिजिओथेरपीची मुलगी येऊन गेली. आबांचा नवा गुडघा मस्त वाकतो म्हणाली. फरशीवर काठीशिवाय चालतात, पण गावाला, शेतात जायचं नाव एवढ्यात नको. आधी मऊ, जरा उंचसखल जमिनीवर, अनवाणी, रोज. "लॉन असेल तर बेस्ट. लॉनवर जमलं की खुशाल जा लोणीला."
आबांनी लगेच खिडकीबाहेर बोट दाखवलं. आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटला लागून मातीचा तुकडा आहे, मोटार उभी राहील एवढा. "हितंच कर की. जयंतीच्या आत मला घरी ऱ्हायला जायचंय."
चौदा एप्रिलला आबा लोणीत नाहीत असं कधी झालेलं नाही. बरोबर आहे. पण आई गेल्यापासून ते घर म्हणजे... माझा भाऊ विलास आणि त्याची बायको सकाळी कामावर जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर आबा आणि भिंती. मला त्यांनी इथेच राहायला हवंय. हे बोलायची मात्र सोय नाही. "लेकीच्या घरी किती दिस काढू?" एवढंच ऐकून घ्यायचं.

१५ फेब्रु.
लॅबमध्ये दिवसभर लोकांची रक्तं तपासते, आज घरी माती. बिल्डरनं कुठून तरी आणून टाकलेली काळी, चिकट. इतकी वर्षं इथे राहून कधी हातात घेतली नव्हती. वाळलेलीला भेगा, माझं पेन आत गेलं ते गेलंच. बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवून ठेवली. संध्याकाळपर्यंत निवळेल म्हटलं. कसली निवळते! अजून कॉफीसारखीच.
ओल्या मातीची वळी करून अंगठी वळली. मोडली नाही, म्हणजे अस्सल चिकणमाती. बोटात घालून नवऱ्याला, शरदला, दाखवली.
"अभिनंदन. साखरपुडा कुणाशी?"

१८ फेब्रु.
नर्सरी. "ताई, तयार लॉन घेऊन जा, चटईसारखं अंथरायचं, थोड्याच दिवसांत चाला." मी म्हटलं, बी द्या. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पीठ सोडून गहू मागतेय.
पाकिटावर इंग्रजी नाव. भिंगाखाली बी बघितलं, रव्याहून बारीक, एका बाजूला दुमडल्यासारखं. आबा शेजारी. "कशाचं हाय?" नेटवर शोधलं आणि मलाच हसू आवरेना. हरळी! आपली, बांधावरची हरळी.
आबा हसले नाहीत. पाकीट उलटंपालटं केलं. "इकत आणलीस? हरळी?" मग थेट विलासला फोन. "आरं, तुझ्या बहिणीनं हरळी इकत आणली!" पलीकडे विलास खोकेपर्यंत हसला. आबांची आणि आईची निम्मी हयात वावरातल्या काश्या वेचण्यात गेली. काशी म्हणजे हरळीची जमिनीखालची मुळी, बोटभर राहिली तरी पुन्हा रान भरून टाकते.
"नुसती फेक. राक्षस हाय ती. दगडातबी येती."

२० फेब्रु.
राक्षसाला घर द्यायचं तर आधी खणायला हवं. कुदळ ठण्णकन परत आली. भरपूर पाणी सोडलं, तर आज चपला आत रुतून बसल्या. एक अजून तिथेच आहे.
आबा खुर्चीवरून: "वाफसा येऊ दे."
म्हणजे ना ओली ना कोरडी, अशी माती. कसं ओळखायचं? "कळतं." हे काही उत्तर झालं?

२२ फेब्रु.
येता-जाता मूठ वळून बघतेय. लाडू होतो का, आणि खाली टाकला की फुटतो का. काल सगळा दिवस नुसताच थापला गेला. आज सकाळी डबा भरता भरता जाऊन बघितलं तर फुटला! लॅबला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. काय बिघडलं विचारलं त्यांनी. म्हटलं, माती तयार झाली.
दोघांनी खणलं. शेणखत, पालापाचोळा मिसळला. श.चं ठाम मत, चिकणमाती म्हणजे वाळू टाकायची, साधं लॉजिक आहे. वाद नको म्हणून एक कोपरा त्याच्या लॉजिकला दिला. दुपारी परत बघितलं तर वाफसा गेलेला. एवढाच वेळ देते ही माती!

२५ फेब्रु.
पेरलं. बी बारीक म्हणून कोरड्या मातीत कालवून. आबा म्हणाले, मूठ मला दे. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्यानं फेक. काय सुरेख पडत होतं, एकसारखं. मध्येच थांबले, फाटकाकडे बघितलं.
"लोणीचं कुणी बघत न्हाई ना?"

१ मार्च
श.चा कोपरा सिमेंट झालाय. वाळूनं चिकणमाती मोकळी व्हायची तर किती ट्रक लागले असते कोण जाणे. एवढीशी टाकली तर उलट आवळते. त्याला नेऊन दाखवला. "हं. पार्किंगला छान आहे."
बाकी ठिकाणी पाण्यानं पापडी धरलीये. आलेला कोंब खालून डोकं आपटत असेल का? हातानं अलगद मोडली. वरून चाळलेल्या खताचा पातळ थर, त्यावर ओली पोती. आता पाणी झारीनं, दिवसातून दोन-तीनदा.
आबा रोज विचारतात, आलं का. फेकलं की येतं म्हणणारे हेच.

६ मार्च
आलं!!
पोतं उचललं तर हिरवी लव. भिंग घेऊन पालथी पडले. केसाएवढं पातं, एखाद्याच्या टोकाला अजून बियाचं टरफल. आबांना खुर्ची जवळ आणून भिंग दिलं. कितीतरी वेळ बघत होते.
"ही बियातनं आल्याली मी आज पयल्यांदा बघतो, सुमे. आमी बघितली ती काशीतनं फुटल्याली, दांडगी. ही तान्ही हाय."
आणखी थोड्या वेळानं, "एवढीशी असती व्हय."
आता पाणी किती, ऊन किती, सगळं मी त्यांना विचारायला लागले, तर म्हणाले, "मला काय म्हाईत? मी मारायचं शिकलो. जगवायची तुझं तू बघ."

९ मार्च
इथे खरं लिहायला काय हरकत आहे. तयार लॉन आणलं असतं तर एव्हाना आबा त्यावर चालत असते, आणि विलास गाडी घेऊन दारात असता. बी मागितलं, कारण बियाला वेळ लागतो. नर्सरीत उभी असतानाच हे मला माहीत होतं.
आणि तरी रोज पहाटे उठून झारी घेते. लॅबमधून आल्या आल्या पर्स खांद्यावर ठेवून वाकून बघते. येऊ नये असंही वाटतं, आणि एखादी जागा उघडी दिसली की जीव कासावीस होतो. कमाल आहे माझी.

१७ मार्च
घरी आले तर निम्मं लॉन नाही.
आबा जमिनीवर बसलेले. चांगला पाय दुमडलेला, ऑपरेशनचा सरळ पसरलेला, हातात उलथनं. त्यांच्या मागे सगळं साफ, भुईमुगाच्या खळ्यासारखं. पायरीवर उपटलेल्या हरळीची रास, मुळं उन्हाकडे करून. अगदी बांधावर टाकतात तशी.
माझा तोल गेला. "इथे एक गोष्ट धड जगू देऊ नका!" असं काहीतरी ओरडले. अजून काय काय. श. बाहेर आला, मला आत घेऊन गेला.
आबा म्हणाले होते, "घोळाची चार रोपं दिसली. ती काढाय बसलो. मग हातच गेलं. मला कळलंच न्हाई."

१८ मार्च
सकाळचा चहा. आबांनी अर्धा कप खाली ठेवला. "इलासला बोलीव. मी जातो. काठी घिऊन हिंडंन."
मी म्हटलं, फिजिओची मुलगी नको म्हणालीये. आणि कप विसळायला घेतले.
पण दिवसभर एक विचार सुटेना. हे लॉन झालं तर त्यांना घरी जाता येणार, हे त्यांना पक्कं माहीत. मग हात गेले ते खरंच नुसती सवय म्हणून?
छे. काहीतरीच. साठ वर्षांचे हात आहेत ते.

१९ मार्च
रविवार नाही काही नाही, पण रजा टाकली. पायरीवरची रास सुकली होती. बादलीत पाणी घेऊन ती टाकली, म्हटलं बघू तरी. आबा आले, शेजारी टेकले. "मरत न्हाई ती. दोन उन्हाळं उनात टाकली तरी उठती. फक्त हिला मूळ किती फुटलंय बघ." बघितलं. पोरवयातली होती, पण पांढऱ्या मुळ्या धरायला लागल्या होत्या.
मी बोटानं भोक करायचं, त्यांनी एकेक काडी ठेवायची, माती दाबायची. दुपारपर्यंत. परवाबद्दल मी सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "तुझी आईबी अशीच वराडायची." आईचं नाव त्यांनी गेल्या कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं. मग एकदम, "कुठं चुकूनमाकून एक काशी राहिली की म्हणायची, हिला आपल्यापेक्षा घराची ओढ जास्त."
मी मान वर केली नाही. नखात माती गेली होती ती काढत बसले.

२७ मार्च
उपटून लावलेली काही गेली, पण जी जगली ती पेरलेलीच्या पुढे. का? धक्का बसला म्हणून? हातानं दाबून लावल्यामुळे मुळाला माती घट्ट मिळाली म्हणून? आबांचा तर्क वेगळा, "घाबरली असंल." एका काडीनं जमिनीवरून आडवा धावरा, म्हणजे पळती फांदी, सोडलाय, त्याला पेरापेराला मूळ. आबांनी तिथे आगपेटीची काडी रोवलीये, रोज किती सरकतो बघायला. आजचा आनंद हा, की धावरा काडीपलीकडे गेला.

३ एप्रिल
फिजिओची मुलगी खूश. एवढं पुरे म्हणाली, करा सुरू. चपला काढा आजोबा.
आबांनी चपला काढल्या. कडेला उभे राहिले. परत घातल्या.
"पेरल्यालं हाय. पिकात पाय घालू?"
"आजोबा, हे चालण्यासाठीच असतं."
"आसंल."
आणि कडेच्या फरशीवरून चक्कर मारून खुर्चीत. श. मला आत म्हणाला, दीड महिन्यापूर्वी राक्षस होती, आता पीक. मी हसले खरी. पण कपाळावर आठी कायम राहिली.

६ एप्रिल
वरच्या मजल्यावरच्या काकू वाटी घेऊन आल्या. संकष्टीला दूर्वा हव्या होत्या, एकवीसच. "आमच्या दारातच उगवल्या म्हणजे बाजारात कशाला जायचं, नाही का?" आबांनी खुर्चीतून, अतिशय नम्रपणे, "आवं बाई, अजून कवळी हाय. तोडायची न्हाई."
काकू वाटी घेऊन वर गेल्या. आता वर्षभर ऐकावं लागणार.

८ एप्रिल
आबांचा नवा नियम. कापल्याशिवाय पाय नाही. एकदा कापणी झाली की मग ते पीक राहत नाही, मग चालता येतं. "इळा आण."
इतकी गंभीर मुद्रा की वाद घालता येईना. कात्रीनं कापू का विचारलं. "हरळी काय केस हाय?"

११ एप्रिल
लॅबमधून येताना वाट वाकडी करून मंडईत गेले. विळा घेतला, लाकडी मुठीचा. बसमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरला होता. वाटत होतं, आपण हे काय घेऊन चाललोय. उद्या कापतील. परवा चालतील. मग जयंती, मग तिकडेच.
आबांना दिला. उजेडाला धरला, पात्यावरून बोट फिरवलं, माझ्या हातात परत दिला.
"धार न्हाई याला."

१२ एप्रिल
विलासचा फोन, आबांनी स्पीकरवर घेतला. जयभीम वगैरे झालं.
"आबा, परवाला गाडी आणतो. सामान बांधून ठेवा."
"जयंतीला येतो की. सुमी घिऊन येईल सकाळी. सांजच्याला माघारी."
"माघारी? आन ऱ्हायला कधी येताय?"
"आरं, कापल्याबिगार चालायचं कसं, आन चालल्याबिगार यायचं कसं? इळ्याला धार न्हाई. धारंला टाकलाय."
विलासनं बरं म्हणून फोन ठेवला.
विळा कुणी कुठे टाकलेला नाही. ओट्याखाली आहे. फोन झाल्यावर जाऊन काढला, आबांनी फिरवलं तसंच बोट पात्यावरून फिरवलं, अगदी हलकं. रक्त थांबायला वेळ लागला. श.नं पट्टी बांधली, काय केलंस विचारलं, म्हटलं भाजी चिरताना.
विळा परत ओट्याखाली, जरा आतल्या बाजूला.
संध्याकाळी पाणी घालायला गेले. डाव्या हातानं झारी नीट धरता येत नव्हती, अर्धं पाणी फरशीवर. आबा खुर्चीत बसून आगपेटीची काडी पुढे रोवत होते. मी जवळ आल्यावर त्यांनी पट्टीकडे बघितलं. कशानं कापलं, ते विचारलं नाही.